सामान सांभाळायला कोणी नाही: अधू पायाने, एकट्याने मॅजिक किंगडम

कुटुंबाबरोबर कुठल्याही पार्कात गेलो की माझी नेमणूक ठरलेली असते. बाकावर बसायचं आणि सामान सांभाळायचं. डावा पाय पोलिओचा, त्याला कॅलिपर म्हणजे पट्ट्यांनी बांधलेला आधार, उजव्या हातात कुबडी. मुद्दाम कोणी बसवत नाही, पिशव्याच आपोआप माझ्याभोवती गोळा होतात. अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाला मुलाकडे गेलो तेव्हा डिस्ने वर्ल्ड तिथून गाडीने सव्वा-दीड तासावर आहे हे कळलं. म्हटलं, एक दिवस एकट्यानेच जाऊ. ज्याचं सामान त्याच्याच पाठीवर.

तो दिवस जमला, पण काही चुका करून. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). मी लिहितोय ते पहिल्याबद्दल. आधाराने उभं राहता येतं, चार पावलं टाकता येतात, पण दिवसभर चालणं शक्य नाही, अशांना हे जास्त उपयोगी पडेल. पूर्णवेळ व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

आधी घरी: पावलांचा हिशेब

तिकीट काढण्याआधी तीन गोष्टी मोजा. न थांबता किती मिनिटं उभं राहता येतं? बुटक्या स्टुलावरून कोणाचाही हात न धरता दिवसातून किती वेळा उठता येतं? आणि दुसऱ्या दिवशी किती दुखतं? तिसरा प्रश्न आपण हमखास टाळतो. मी पंधरवडाभर रोज संध्याकाळी प्लॅस्टिकच्या स्टुलावर उठबस केली. आठ वेळा जमत होतं, नवव्यांदा हात थरथरायचे. म्हणजे माझ्या खिशात आठ चढ-उतार. पार्कातला सगळा दिवस मी त्या आठांत बसवला.

राइडमध्ये चढणं-उतरणं ही आपली कमाई, आणि एका राइडपासून दुसरीपर्यंत चालणं हा निव्वळ खर्च. तो खर्च चाकांवर टाकायचा. जोर राखून ठेवायचा तो ज्यासाठी तिकीट काढलं त्यासाठी.

चढण्याची पद्धत आपल्याला आधीपासून येते. रिक्षात कसं बसतो? पाठ आत, आधी बूड टेकवायचं, मग हाताने उचलून पाय आत घ्यायचे. बहुतेक राइडमध्ये तेच करायचं असतं. फक्त रिक्षावाला वैतागतो, तिथले कर्मचारी वैतागत नाहीत.

चाकं कोणती घ्यायची

तिथले कर्मचारी तुमची व्हीलचेअर ढकलत नाहीत आणि तुम्हाला उचलून राइडमध्ये बसवतही नाहीत. तसा नियमच आहे. कितीही प्रेमाने सांगितलं तरी उत्तर हसतमुख ‘नाही’ असतं. सोबत कोणी असेल तर याने फारसं बिघडत नाही, एकट्याचं मात्र सगळं नियोजनच यावर उभं राहतं. दुसऱ्याने ढकलायची साधी व्हीलचेअर एकट्याच्या काहीच कामाची नाही. दंडात बळ असेल तर स्वतः चाकं फिरवायची खुर्ची घ्या, नाहीतर बसून चालवायची बॅटरीची स्कूटर. तिला तिथे ईसीव्ही म्हणतात.

पार्कात ईसीव्ही भाड्याने मिळते, पण वय १८ पूर्ण हवं, आगाऊ नोंदणी होत नाही, संख्या मर्यादित असते आणि ती पार्काबाहेर नेता येत नाही. ती मिळते तेही फाटकाच्या आत. म्हणजे फाटकापर्यंतची पायपीट आपल्याच पायांनी. म्हणून शक्य असेल तर बाहेरच्या दुकानातून आधीच ठरवून घ्या. अशी दुकानं स्कूटर हॉटेलवर पोचवतात. माझ्या मुलाने टँपातूनच एक, घडी करून डिकीत मावणारी घेतली. मापं लक्षात ठेवा: रुंदी ३६ इंचांपेक्षा जास्त नको, लांबी ५२ इंचांपेक्षा जास्त नको, आणि किमान तीन चाकं हवीत. दोन चाकांच्या सेगवेला परवानगी नाही.

भारतातून स्वतःची बॅटरीची व्हीलचेअर नेणार असाल तर तिकीट काढतानाच विमान कंपनीला बॅटरीचा प्रकार कळवा. लिथियमच्या बॅटरीला नियम वेगळे असतात. चार्जरवर १२० व्होल्टही चालतात असं छापलेलं आहे ना, हे पाहा, कारण तिथली वीज आपल्या २३० व्होल्टची नाही.

स्कूटर हातात आली की तासभर सराव करा, आणि पुढे जाण्यापेक्षा मागे घेण्याचा जास्त. डिस्नेच्या हॉटेलांतून येणाऱ्या बसमध्ये रॅम्पवरून चढून ठरलेल्या अरुंद जागेत स्कूटर लावावी लागते, आणि त्या वेळी अख्खी बस तुमच्याकडे बघत असते. वेगाच्या बटणावर एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा असतो. गर्दीत कासवच बरं. सशाने गेलात तर पुढच्या माणसाच्या टाचेचा निकाल लागतो.

आता माझी चूक. दुकानाने दिलेली बॅटरी जुनी निघाली. दुपारी चारला काटा तांबड्यात गेला आणि चार्जर मुलाच्या गाडीच्या डिकीत! उरलेला वेळ मी एकाच कोपऱ्यात काढला. चार्जर कितीही जड असो, पिशवीत ठेवा. दुपारी जेवताना कर्मचाऱ्याला विचारून भिंतीजवळची जागा धरा. आणि स्कूटरच्या हँडलला भडक रंगाची चिंधी बांधा. राइडबाहेर एकसारख्या वीस स्कूटर उभ्या असतात. मी आईच्या जुन्या लुगड्याचा जांभळा काठ बांधला होता. चुकून कोणी नेण्याची शक्यताच नव्हती.

तीन प्रकार ओळखायला शिका

डिस्नेच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपमध्ये प्रत्येक राइडच्या माहितीत हालचालीबद्दल एक ओळ असते. घरी बसून ती ओळ वाचणं हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम. प्रकार मुख्यतः तीन.

पहिला, व्हीलचेअरमध्ये बसूनच जाता येतं. सगळी नाट्यगृहं यात आली. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ आणि ‘जंगल क्रूझ’मध्येही व्हीलचेअर चढवता येईल अशा होड्या आहेत, पण स्कूटर होडीत चालत नाही. तिथली साधी व्हीलचेअर घेऊन तिच्यात बसायचं. अशा होड्या मोजक्याच असल्याने आपली पाळी यायला वेळ लागू शकतो. पूर्णवेळ व्हीलचेअरवाल्यांनी दिवस याच प्रकाराभोवती आखावा.

दुसरा, खुर्चीतून उठून राइडच्या आसनात बसावं लागतं. माझे आठ चढ-उतार इथे खर्च झाले. ‘हाँटेड मॅन्शन’ म्हणजे भुताच्या वाड्यात बग्ग्यांची साखळी सतत सरकत असते, पण सांगितलं तर ती हळू करतात, थोडा वेळ थांबवतातही. संकोच करू नका. क्षणभर अख्खा वाडा तुमच्यासाठी थांबतो, भुतंसुद्धा. ‘स्पेस माउंटन’ ही अंतराळसफरीची रोलर कोस्टर मला फसवून गेली. आसनं एकामागे एक आणि फार बसकी. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर ज्यांना भिंत धरून उठावं लागतं त्यांनी तिकडे फिरकू नये. अंतराळात जाऊन येणं सोपं, त्या खड्ड्यातून वर येणं अवघड. माझे आठपैकी दोन तिथे एकदम गेले. ‘ट्रॉन’ ही दुसरी रोलर कोस्टर. तिची आसनं मोटरसायकलसारखी आहेत, पुढे वाकून बसायचं आणि पोटऱ्या मागून आवळल्या जातात. कॅलिपरवाल्याला ते शक्य नाही. पण काही गाड्यांना मागे साधं बाकासारखं आसन असतं. ते मागून घ्यायचं आणि त्यासाठी थोडं थांबायची तयारी ठेवायची. बाहेर एक नमुना आसन ठेवलेलं आहे, आधी त्यात बसून बघा.

तिसरा प्रकार, स्वतःच्या पायांनी चालता आलंच पाहिजे. ‘पीटर पॅन्स फ्लाइट’मध्ये सरकत्या पट्ट्यावर पाऊल टाकून चढायचं असतं आणि तो पट्टा थांबवत नाहीत. ‘पीपलमूव्हर’ला आधी उतरता-चढता सरकता पट्टा आणि मग फिरतं व्यासपीठ. दिसायला दोन्ही अगदी पोराटोरांच्या राइड. माझ्या लेखी ती चालती लोकल पकडणं आहे, आणि तो नाद मी कॉलेजात दादरला सोडला. राइड किती जोरात पळते यावरून काही ठरत नाही, चढायचं कसं यावरून ठरतं.

आणखी एक प्रश्न चढण्याआधी विचारायचाच: मध्येच बंद पडली तर बाहेर कसं काढता? काही राइडमध्ये अरुंद मार्गावरून किंवा शिडीने चालत यावं लागतं. सोबत कोणी नसलेल्याने हे आधीच माहीत करून घ्यावं. दुसरा प्रश्न कुबडीचा. ती माझ्याबरोबर येणार की इथेच राहणार, आणि मी उतरेन तिथे ती असेल ना? स्कूटर एका दारात आणि आपण दुसऱ्या दारात, असंही होऊ शकतं. त्याचंही विचारून ठेवा.

रांगेचं काय

आपल्याकडे ऐकीव माहिती अशी की व्हीलचेअरवाल्याला थेट पुढे सोडतात. तसं नाही. बहुतेक रांगा इतक्या रुंद आहेत की स्कूटरसकट सगळ्यांबरोबरच थांबायचं. जुन्या राइडची रांग अरुंद किंवा पायऱ्यांची असेल तर दुसऱ्या दाराने घेतात किंवा परत येण्याची वेळ देतात. थांबणं तेवढंच, फक्त जागा वेगळी.

रांगेत उभं न राहता परत येण्याची वेळ देणारी ‘डिसअ‍ॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस’ नावाची सोय आहे, पण मे २०२४पासून ती मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. पायाच्या अधूपणासाठी ती मिळत नाही. आपला मार्ग पैशांचा: ‘लाइटनिंग लेन’, म्हणजे पैसे भरून मिळणारी वेगळी, छोटी रांग. दर तारखेप्रमाणे बदलतो. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी अ‍ॅपवरून तीन राइडच्या वेळा पक्क्या करता येतात. एरवी मी याला चैन म्हटलं असतं. पण एकटा माणूस तासाभराच्या रांगेत असताना लघवीला लागली तर जागा कोण धरणार? साठीकडे झुकलेल्या पुरुषाला हा प्रश्न सैद्धांतिक नसतो. मी पैसे भरले. त्या दिवशी जेवणापेक्षा हाच खर्च सत्कारणी लागला.

फाटकापर्यंत

मॅजिक किंगडमचं पार्किंग पार्काला लागून नाही. मध्ये मोठं तळं आहे. भाड्याची किंवा घरची गाडी तुम्हाला तळ्याच्या अलीकडे ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला सोडते, आणि तिथून मोनोरेल किंवा फेरीबोट. दोन्हींमध्ये चाकांची सोय आहे. पण मोनोरेलच्या फलाटावर जाणारा उतार लांब आणि खडा आहे, स्वतःच्या हातांनी खुर्ची चालवणाऱ्याचा दम निघतो. मी बोट घेतली. खालच्या मजल्यावर सरळ आत जायचं, कडेला उभं राहायचं, आणि समोर पाण्यापलीकडे पार्काच्या मधोमध असलेला सिंड्रेलाचा किल्ला मोठा होत येतो. डिस्नेच्या हॉटेलांच्या बस मात्र थेट पार्कापाशी येतात, त्यांना हा फेरा पडत नाही.

तपासणीत कॅलिपरचं किंवा गुडघ्यातल्या धातूचं आधीच सांगा. आत शिरल्यावर डाव्या हाताला सिटी हॉल. तिथे नकाशा घ्या, आणि राइडबद्दलची शंका अ‍ॅपवर सुटली नसेल तर इथे विचारा. पुढे मेन स्ट्रीट. या रस्त्यात घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत. स्कूटरचं पुढचं छोटं चाक रुळाला समांतर गेलं की खाचेत अडकतं. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा. मुंबईत पावसात बाइक चालवलेल्यांना वेगळं सांगायला नको.

दिवस

पार्क उघडताना आत असा. पहिले दोन तास गर्दी कमी आणि पाय ताजे, म्हणून अवघड चढ-उतार तेव्हाच उरकायचे. मी भुताचा वाडा आणि ‘ट्रॉन’ सकाळी घेतले. ‘स्पेस माउंटन’ही तेव्हाच, नाहीतर मला तिथून क्रेनने काढावं लागलं असतं.

साडेअकरानंतर फ्लोरिडाचं ऊन भाजून काढतं. तेव्हा थंड नाट्यगृहात बसायचं, ज्यात चढ-उतार एकही खर्च होत नाही. माझं आवडतं ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी केलेला यंत्रमानवांचा खेळ, आणि १९७५पासून इथे आहे. रंगमंच जागेवर, प्रेक्षागृहच गोल फिरतं. तरुण लोक त्याला कंटाळवाणा म्हणतात. वीसेक मिनिटं गारव्यात, स्वतः न हलता सगळं जग फिरतंय, याहून मला काय हवं? मी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा बराचसा झोपेत. ‘मिकीज फिल्हारमॅजिक’ लहान आहे, पण तिथला गारवाही चांगला.

उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर, दुपारी गडगडाटी पाऊस ठरलेलाच. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. स्कूटरच्या हँडलवरची बटणं झाकायला मोठी प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. आपला रेनकोट नंतर, आधी तिचा. हवा सोसवत नसेल तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीतला आठवड्याच्या मधला वार बरा.

पार्कात डिस्नेच्या पात्रांची मिरवणूक निघते. ती बघायला व्हीलचेअरवाल्यांना राखीव जागा असतात, पण जो आधी येईल त्याला. अर्धा-पाऊण तास आधी कर्मचाऱ्याला विचारून जागा धरा. एकटं असण्याचा इथे खरा फायदा होतो. एका स्कूटरला जागा कुठेही निघते, सात जणांच्या कुटुंबाला नाही.

पोट आणि पोटाखालचं

जेवण अ‍ॅपवरून मागवा, म्हणजे काउंटरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. ताट घेऊन स्कूटर चालवता येत नाही आणि कुबडीवाल्याला एकच हात मोकळा असतो. काउंटरवर सांगितलं की कोणीतरी ताट टेबलापर्यंत आणून देतं. खुर्ची ढकलत नसले तरी ताट धरतात. बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची भांडी आणि दारू नको. सूनबाईने दिलेल्या मेथीच्या दशम्या आणि लिंबाचं लोणचं मी पार्कातल्या फँटसीलँड या भागात झाडाखाली खाल्लं. जिथे पेयांचं यंत्र आहे अशा खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं, त्यामुळे बाटल्यांचं ओझं नको. दुपारी अननसाचं गार ‘डोल व्हिप’ खा. त्यात दूध नसतं, पचायला हलकं.

स्वच्छतागृहात ‘कंपॅनियन रेस्टरूम’ शोधा. स्त्री-पुरुष कोणीही वापरावी अशी स्वतंत्र, रुंद खोली. सोबती नसला तरी आपणच आपले सोबती, बिनधास्त जा. साध्या कप्प्यात स्कूटर मावत नाही, आणि बाहेर ठेवून जायची तर परत चार पावलं खर्च. मेन स्ट्रीटच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस उपाहारगृहाजवळ प्रथमोपचार केंद्र आहे. तिथे पडायला खाट मिळते, इन्सुलिनसारखी थंड ठेवायची औषधं ठेवतात. कॅलिपर काढून पाऊल मोकळं करायला मी तिथे वीस मिनिटं पडलो. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त पाणी आणून दिलं.

खिशात एक कागद ठेवा: औषधांची नावं, कशाची अ‍ॅलर्जी, घरच्यांचा नंबर, विम्याचा क्रमांक. इंग्रजीत, ठळक अक्षरांत. मी कॅलिपरच्या पट्ट्यात खोचला होता. खिसे तपासायला लोक विसरतात, कॅलिपर सगळेच बघतात.

परतीचा तास

सगळ्यांत धोक्याचा वेळ रात्रीची किल्ल्यावरची आतिशबाजी संपल्यावरचा. हजारो लोक एकाच वेळी फाटकाकडे निघतात, अंधार असतो, आणि स्कूटरवर बसलेला माणूस उभ्या गर्दीच्या कमरेएवढा. मागे चालणाऱ्याला तो दिसत नाही. दोनच पर्याय सुरक्षित आहेत. किल्ल्यासमोर बघायचीच असेल तर संपल्यावर पाऊण तास जागचे हलू नका. नाहीतर सुरू होण्याच्या आधी बाहेर पडून तळ्याच्या पलीकडे जा.

मी दुसरा निवडला, कारण बॅटरीने दुसरं काही उरूच दिलं नव्हतं. वेगाचं बटण कासवावर ठेवून धक्क्यापर्यंत आलो. बोट जवळजवळ रिकामी. पलीकडे धक्क्याजवळ बाक आहेत, आणि तिथून किल्ल्यावरची आतिशबाजी पाण्यासकट दिसते, एकदा आकाशात आणि एकदा तळ्यात. आवाज जरा उशिरा पोचतो. तळ्यात १९७१पासून दिव्यांची एक तरंगती मिरवणूकही फिरते, मासे, कासवं, समुद्री राक्षस, सगळे दिव्यांचे. नशिबात असेल तर तीही दिसते. मला दिसली.

मुलगा गाडी घेऊन आला तेव्हा मी स्कूटरवरच बसून होतो. मांडीवर माझी एकच पिशवी. त्याने स्कूटरची घडी करून ती डिकीत ठेवली आणि चार्जर उचलून माझ्यासमोर धरला. मी म्हटलं, “हो, माहीत आहे.”